कूलरशेजारी बसलेल्याने वेगळाच चित्रपट पाहिला

प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात जळगावच्या एका घरी रात्री दहा जण जमले. जेवणं उरकून हॉलमधल्या ५५ इंची टीव्हीवर ब्लू-रे डिस्क लावली आणि दोन तास पाच मिनिटांचा, स्वप्नासारखा चालणारा एक संथ मानसशास्त्रीय थरारपट बघितला. संपल्यावर पाच जण गप्प बसून राहिले आणि मग "परत बघायला पाहिजे" म्हणाले. उरलेले पाच "काही समजनं नही भाऊ, दोन तास गेले" म्हणत चपला शोधायला लागले. यजमान विचारतात, चूक चित्रपट निवडण्यात झाली, माणसं निवडण्यात झाली, की आणखी कशात?

तुम्ही प्रश्नात सहज एक गोष्ट लिहून गेला आहात: कूलर चालू होता. माझ्या मते उत्तराची सुरुवात तिथूनच करायला हवी. दहा जण एका खोलीत होते म्हणून त्या सगळ्यांनी एकच चित्रपट पाहिला असं धरून चालू नका.

साधा डेझर्ट कूलर पूर्ण वेगावर असेल तर चार-पाच फुटांवर साधारण ६० डेसिबलच्या आसपास आवाज करतो. अशा चित्रपटातल्या शांत प्रसंगांत खोलीतला नुसता घुमणारा आवाज, दूरचा पंखा, भिंतीपलीकडची पावलं असतात आणि घरच्या व्हॉल्यूमवर ती ३०-४० डेसिबलच्या पुढे जात नाहीत. म्हणजे कूलरजवळच्या माणसाला ती ऐकूच आली नाहीत. त्यात कूलरच्या सिंगल-फेज मोटरचा घुमणारा आवाज १०० हर्ट्झवर (सेकंदाला १०० कंपनं) असतो, विजेच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट. या प्रकारच्या चित्रपटात भीती बहुतेक वेळा खालच्या पट्टीतल्या एका अखंड गुंजनातून तयार करतात, आणि ते गुंजन नेमकं मोटरच्या आवाजाखाली गाडलं जातं. शिवाय टीव्हीचे अंगचे स्पीकर १०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकेच असतात. दिग्दर्शकाने प्रसंगाचा अर्धा भार आवाजावर टाकलेला, आणि तो अर्धा भार तुमच्या हॉलमध्ये पोचलाच नाही. राहिलं काय, तर एक बाई तीन मिनिटं भिंतीकडे बघते आहे. कंटाळा येणारच.

एक शॉट कल्पनेने उभा करून बघू. बाई स्वयंपाकघरात येते, पेल्यात पाणी भरते, नळ बंद करते, पेला ओट्यावर ठेवते आणि उभी राहते. कॅमेरा हलत नाही. ८० सेकंद. ज्याला आवाज ऐकू येतो त्याला कळतं की नळ बंद झाल्यावरही पाणी पडायचा आवाज चालूच आहे. पन्नासाव्या सेकंदाला तो आवाज थांबतो, आणि तेव्हाच ती मान वळवते. ज्याला आवाज ऐकू येत नाही त्याच्यासाठी बाई पाणी न पिता मिनिटभर उभी राहिली, एवढंच घडलं. मग पहिला म्हणतो "अंगावर काटा आला", दुसरा म्हणतो "काही घडतच नाही". दोघांनीही जे पाहिलं तेच सांगितलं.

खान्देशात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना कूलर बंद ठेवा असं सांगणं सोपं आहे, बसणाऱ्यांना विचारा. त्यातून मार्ग असा. चित्रपट रात्री दहाच्या पुढे लावा. आठपासून पावणेदहापर्यंत कूलर पूर्ण वेगाने चालवून खोली गार करून घ्या, मग पंखा सगळ्यात कमी वेगावर आणा आणि पाण्याचा पंप बंद करा. पंपाचा खळखळाट आणि जाळीवरून पडणारं पाणी याचाच त्रास मोठ्या आवाजाच्या पंख्याइतका असतो. भिजलेल्या जाळ्या पुढे अर्धा-पाऊण तास गारवा देतात. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असेल तर उत्तम; खोलीत असेल तर टीव्हीच्या बाजूला ठेवू नका, बसणाऱ्यांच्या मागेही नको. छताचा पंखा दोनवर. नाहीतर हे चित्रपट सरळ डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा.

आता व्हॉल्यूम. चित्रपटातला कुजबुजीचा एखादा प्रसंग आधीच शोधून ठेवा, सगळ्यात मागच्या खुर्चीवर स्वतः बसा आणि कुजबूज समजेल एवढा आवाज लावून रिमोट बाजूला ठेवा. पुढे मोठा आवाज आला की कोणीतरी "कमी कर रे" म्हणेल; तेव्हा कमी केला तर पुढची कुजबूज गेली. आतल्या खोलीत मुलं झोपलेली असतील तर प्लेअरमधला नाइट मोड लावावा लागेल, पण त्याने मोठं-बारीक सगळं एका पातळीला येतं आणि शांततेला शांतता राहत नाही, हे माहीत असू द्या. आणखी एक नेहमीची चूक: प्लेअर ५.१ (सहा चॅनेलचा आवाज) पाठवतो आणि पुढे दोनच स्पीकर आहेत. संवाद मधल्या चॅनेलवर असतात. जोडणी नीट नसली तर ते पुसट होतात किंवा गायबच होतात. प्लेअरच्या ऑडिओ मेनूत आउटपुट "पीसीएम", "स्टिरिओ" करा. साउंडबारला वेगळा सबवूफर असेल तर तो खोलीच्या कोपऱ्यात नको, कोपऱ्यात नुसतं घुमतं. भिंतीपासून हातभर पुढे घ्या.

चित्राची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तिथे बिघाड बहुधा टीव्ही "चांगलं दिसावं" म्हणून स्वतःच करत असतो.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतात. सोनीत त्याचं नाव मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. हे चालू असलं की अख्खा चित्रपट संध्याकाळच्या सासू-सुनेच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. मारधाडीच्या चित्रपटात चालून जातं, पण इथे सगळी मदार "हे खरं की भास" या धूसरपणावर असते आणि तो धूसरपणाच पुसला जातो. बंद करा. २०१९नंतरच्या पुष्कळ टीव्हींमध्ये फिल्ममेकर मोड आहे. तो लावला की हे आणि आणखी बरंच काही एकदम बंद होतं. डिस्कऐवजी टीव्हीला लावायच्या स्ट्रीमिंग स्टिकवरून बघत असाल तर "मूळ फ्रेम रेट जुळवा" असा पर्याय शोधून चालू करा, नाहीतर कॅमेरा हळू फिरतो तिथे चित्र हिसके देतं.

दुसरी चूक झूमची. उंचीच्या २.३९ पट रुंद चित्रपट १६:९ टीव्हीवर लावला की वर-खाली काळे पट्टे येतात आणि पडद्याची साधारण ७४ टक्के उंचीच वापरली जाते. कोणीतरी हटकून म्हणतं, "पूर्ण स्क्रीन कर ना." झूम केलं की दोन्ही बाजूंनी मिळून चित्राचा चौथा हिस्सा कापला जातो. आणि या प्रकारात दिग्दर्शक महत्त्वाची गोष्ट मुद्दाम कडेला ठेवतो: दाराच्या फटीतला हात, आरशाच्या टोकाला उभा असलेला माणूस. पट्टे राहू द्या. टीव्हीत "जस्ट स्कॅन", "फिट टू स्क्रीन" असं काही असेल तर तेही चालू करा. ते नसेल तर चारही कडांचे दोन-पाच टक्के तसेच खाल्ले जातात.

बसायचं अंतर कोणी मोजत नाही. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो. सोफा भिंतीला टेकवलेला, टीव्ही समोरच्या भिंतीला, मध्ये बारा फूट. एवढ्या अंतरावरून पडदा नजरेचा जेमतेम १९ अंश व्यापतो. साडेसात फुटांवर तो ३० अंश होतो, आणि चेहऱ्यावरचा बारीक बदल तिथून दिसतो. तुमच्याकडे दहा माणसं होती. खाली सतरंजीवर बसलेले पुढे होते आणि सोफ्यावरची वडीलधारी मंडळी मागे. भारावलेले पाच कुठे बसले होते ते आठवून बघा. माझा अंदाज सतरंजी.

अंधाराचं काय? एलसीडी टीव्हीचे पॅनेल मुख्यतः दोन प्रकारचे. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागाचं प्रमाण, हजाराला एकच्या आसपास असतो, व्हीए पॅनेलचा तीन हजार किंवा जास्त, म्हणून आयपीएसवर काळं राखाडी दिसतं. पॅनेल बदलता येत नाही, पण खोली अंधारी करता येते, आणि टीव्हीमागे भिंतीवर पडेल असा एक मंद दिवा ठेवला तर राखाडी डोळ्यांना काळं वाटायला लागतं. देवघरातला दिवा समोरून टीव्हीच्या काचेत चमकत असेल तर देवघराचा पडदा ओढून घ्या. एनर्जी सेव्हिंग आणि प्रकाश ओळखणारा सेन्सर, दोन्ही बंद. ओएलईडी टीव्ही असेल तर एक गंमत लक्षात ठेवा: चित्र बराच वेळ स्थिर राहिलं की पॅनेल वाचवण्यासाठी तो स्वतःहून हळूहळू मंद होतो. संथ चित्रपटात चार मिनिटांचा स्थिर शॉट आला की टीव्ही त्याला फोटो समजतो. शॉट बदलला की उजेड परत येतो. लोक याला दिग्दर्शकाचं प्रतीक समजून वाद घालतात.

तसंच जुन्या दोन थरांच्या डीव्हीडीचं. ८.५ जीबीच्या डिस्कमध्ये लेसर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर गोठतं. गाण्याच्या चित्रपटात ते लगेच कळतं, स्वप्नपटात मात्र "काळ थांबला" असा अर्थ लागतो. आणि पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या) डीव्हीडीवर २४ चौकटींचा चित्रपट २५ने पळवलेला असतो: ४ टक्के जास्त वेगात, म्हणजे १२५ मिनिटांचा दोन तासांत संपतो आणि आवाज सुमारे पाऊण अर्धस्वराने (सेमिटोनने) चढतो. ज्या चित्रपटात संथपणा हाच मसाला, तिथे हे जाणवतं. ब्लू-रेवर हा घोटाळा सहसा नसतो. स्ट्रीमिंगवर वेगाचा प्रश्न कमी, पण अंधाऱ्या भिंतीवर चौकोनी ठिपके आणि पट्टे दिसतात, कारण १०८०पीला सेकंदाला पाच-सहा मेगाबिट मिळतात आणि ब्लू-रेला वीस ते चाळीस. डिस्क परदेशातून मागवत असाल तर विभाग (रीजन कोड) बघा: भारत डीव्हीडीत ५, ब्लू-रेत सी.

सबटायटल निवडताना "ऐकू न येणाऱ्यांसाठी" असलेली लावू नका, गरज नसेल तर. त्यात कंसात आवाजाचं वर्णन येतं, आणि "मागून पावलांचा आवाज" हे पावलं ऐकू येण्याआधीच वाचून झालेलं असतं.

विजेबद्दल एवढंच: इन्व्हर्टर असेल तर तो "यूपीएस" मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर वीज गेली की टीव्ही बंद होऊन परत सुरू होतो, आणि तासाभराने जमलेली तंद्री अशी मोडली की ती परत येत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकरमध्ये घरघर येते; तसं झालं तर वीज येईपर्यंत थांबवलेलं बरं. थांबवायचंच असेल तर प्रसंग पूर्ण होऊ द्या, शॉटच्या मध्ये नको.

जेवणाबद्दलही बोललं पाहिजे. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी आणि वर संथ चित्रपट, हा बेत पोटाला चांगला आणि चित्रपटाला वाईट. जेवण आणि चित्रपट यांत निदान दीड तास जाऊ द्या, किंवा आधी चहा-मुरमुरे आणि नंतर जेवण करा. बाकी काही न बदलता एवढं केलं तरी "झोप आली" म्हणणारे कमी होतील.

हे सगळं नीट केल्यावरही दोन तट पडतील. ते पडायला हवेतच, पण आता निदान एकाच चित्रपटावरून पडतील. उरलेल्या भांडणाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे डिस्कच्या वेष्टनावरचा "थरारपट" हा शब्द. त्या शब्दाने प्रेक्षकाला एक वचन मिळतं: कोडं घातलं जाईल आणि शेवटी सुटेल. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांना थिएटरबाहेर विचारून चित्रपटाला श्रेणी देते. २०१७ साली 'मदर!'ला त्यांनी एफ दिली, सगळ्यात खालची. जाहिरात भयपटाची होती, आत निघालं रूपक. समीक्षकांत त्याचे जोरदार चाहतेही होते. १९६०मध्ये कान महोत्सवात इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'ची हुर्यो उडवली गेली. त्यात बेटावर एक बाई नाहीशी होते आणि चित्रपट तिचा शोध अर्ध्यात सोडून देतो. त्याच महोत्सवात त्याला परीक्षकांचं पारितोषिकही मिळालं. प्रेक्षक चिडतो तो संथपणावर कमी, वचन मोडल्यावर जास्त.

संथपणा आपल्याला झेपत नाही हे तर साफ खोटं. श्रावणात खान्देशात कानबाई देवी बसते तेव्हा रात्रभर गाणी चालतात, तीच ओळ पुन्हा पुन्हा, आणि कोणी "पुढे काय" विचारत नाही. कारण आपण कशासाठी जागतो आहोत हे जागणाऱ्याला माहीत असतं. म्हणून चित्रपट लावायच्या आधी दोन मिनिटं बोला. तीन गोष्टी पुरतात: किती वेळाचा आहे, शेवटी सगळं उलगडणार नाही, आणि आवाजाकडे कान ठेवा. अर्थ सांगू नका. "हे सगळं तिचं स्वप्न आहे बरं का" असं आधीच सांगणारा पाहुणा असेल तर त्याला चहा करायला पाठवा. इशारे देऊनही बघणाऱ्याची मोकळीक राखता येते याचं चांगलं उदाहरण म्हणजे डेव्हिड लिंच यांच्या 'मलहॉलंड ड्राइव्ह' (२००१) या चित्रपटाची अमेरिकेतली डीव्हीडी. तिच्यासोबत दहा सूचनांचा कागद होता, त्यात काय बघा ते होतं, अर्थ कुठेच नव्हता. आणि डिस्कवर चॅप्टर ठेवले नव्हते, म्हणजे उड्या मारत बघायची सोय काढून टाकली होती.

आता, चित्रपटच पोकळ असेल तर? असतातही. संथ म्हणजे खोल असा समज करून घेतलेले चित्रपट पुष्कळ आहेत, आणि त्यांना नावं ठेवायला घाबरणारे प्रेक्षक त्याहून जास्त. तपासायची सोपी रीत आहे. लांब वाटलेला एखादा शॉट परत लावा आणि चार गोष्टी बघा: उजेड बदलला का, आवाज बदलला का, माणसाची जागा किंवा नजर बदलली का, आणि शॉटच्या सुरुवातीला आपल्याला जे माहीत नव्हतं ते शेवटी माहीत झालं का. चारांपैकी एकही नाही, आणि असे पाच-सहा शॉट सापडले, तर कंटाळलेल्यांचं बरोबर आहे. स्वप्नाचंही तसंच. स्वप्नाला तर्क नसला तरी नियम असतो: निळी किल्ली, ओला जिना, एखादं नाव अशी वस्तू परत येते तेव्हा ती आधीपेक्षा वेगळ्या जागी, वेगळ्या हातात असते. नुसत्याच विचित्र गोष्टी एकामागून एक येत राहिल्या आणि एकही परतली नाही, तर तिथे रचना नाही, सजावट आहे.

चर्चा कशी घ्यायची हेही कामाचं आहे. नावं वर जाऊ द्या, दिवे लगेच लावू नका, पाचेक मिनिटं कोणी बोलू नये. मग ज्याला आवडला नाही त्याला पहिलं बोलू द्या. आवडलेला आधी बोलला की दुसऱ्याला आपण अडाणी ठरतोय असं वाटतं आणि तो गप्प बसतो. "कसा वाटला" हा प्रश्न बाद. "कोणता शॉट डोळ्यासमोर आहे" असं विचारा. "भारी होता, वेगळाच होता" म्हणणाऱ्याला एकही शॉट सांगता आला नाही आणि "बोअर" म्हणणाऱ्याने चार सांगितले, असं अनेकदा होतं. नापसंतीतही फरक ओळखा. "झोप आली" म्हणणाऱ्याची तक्रार खोलीकडे आणि जेवणाकडे असू शकते. "कळलं नाही"वाल्याला बहुधा एखादा दुवा निसटलेला असतो. "फसवलं" म्हणणाऱ्याला वेष्टनाने फसवलेलं असतं. आणि "कळला, पण आवडला नाही" म्हणणाऱ्याशी वाद घालू नका.

गुण द्यायचे असतील तर सरासरी काढू नका. पाच जणांनी ९ दिले आणि पाच जणांनी २, की सरासरी ५.५ येते, आणि ५.५ तर कोणीच दिलेले नसतात. अशा चित्रपटाची डिस्क विकत घेण्याआधी लोकांची मतं वाचतानाही हेच लागू. एकच तारा देणाऱ्यांतले काही डिस्कवरच्या ओरखड्यावर चिडलेले असतात, काही पार्सल उशिरा आल्यावर, त्यांना वगळा. पंचतारांकित मतांत कौतुक असतं, तपशील कमी. तीन तारे देणारे वाचा, कारण नेमकं कुठे लक्ष उडालं ते तेच लिहितात.

नाराज पाच जणांना पूर्ण चित्रपट परत दाखवायचा आग्रह धरू नका. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना रात्री बोलवा, कूलरचा पंप बंद करा, खुर्च्या साडेसात फुटांवर घ्या, आणि पहिली वीस मिनिटं फक्त लावा. विसाव्या मिनिटाला थांबवून रिमोट त्यांच्या हातात द्या.